दोन दुपारी निवडलेला नमुना

दि. ४ नोव्हेंबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुमच्या शेंगदाण्यांचा नमुना तपासून झाला. पास! बुरशीच्या विषाचा मागमूसही नाही. आता चाळीसच्या चाळीस पोती खुशाल पीनट बटरच्या कारखान्यात जाऊ देत. दाखल्यावर सही माझीच आहे, तेव्हा दादाला म्हणावं, बहिणीला प्रयोगशाळेत नोकरी लागल्याचं सार्थक झालं.

नमुना इतका देखणा, की आमच्याकडचे सगळे बघायला आले. पाच किलोंत एक फुटका दाणा नाही! आमच्या वहिनीचं घरच तसं टापटिपीचं, असं मी त्यांना ऐकवलं.

दादाला एवढं सांग की पोती भिंतीला टेकवू नकोस, खाली फळ्या घाल. पोत्यांनी ओल धरली की बुरशी आलीच, आणि तिचं विष ना डोळ्यांना दिसतं, ना भाजून जातं. तो म्हणेल, आली मोठी शहाणी. म्हणू दे.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी नणंद,
धाकटी

दि. ९ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांनी गोदामातल्या हमालांनाही वाचून दाखवलं. मी मात्र स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही.

कसं सांगू? तो नमुना मी निवडला होता. ह्यांनी तुझ्या सांगण्याप्रमाणे प्रत्येक पोत्यातून मूठ मूठ काढून पिशवी भरली होती. मी उघडून बघते तर काय, सुरकुतलेले, काळपट, हिरवट दाणे. म्हटलं, नणंदेच्या ऑफिसात चारचौघांसमोर ही पिशवी उघडणार. हिच्या माहेरी दाणेसुद्धा निवडत नाहीत, असं म्हणतील. दोन दुपारी परात घेऊन बसले. निघालेली घाण चुलीत टाकली आणि पिशवी हलकी झाली म्हणून डब्यातले घरचे दाणे भरले. ह्यांना यातलं काही माहीत नाही.

आणखी एक. मागे गोदामाचा पत्रा गळून भिंतीकडची रांग भिजली होती. ती पोती उन्हात वाळवून पुन्हा थप्पीला लावली. तू पिशवी तपासतेस ती पोत्यांसाठी, हे तुझी ओलीची ओळ वाचली तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. मी कपाळाला हात लावून बसले.

रागाव, पण पाठ फिरवू नकोस.

तुझी वहिनी

ता. क. दि. १८. हे पत्र नऊ दिवस पिठाच्या डब्यामागे होतं. फोन हातात घेतला तरी तोंड उघडेना. पोती जाऊन आठवडा झाला. आज टाकते.

दि. २६ नोव्हेंबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून तशीच साहेबांकडे गेले. त्यांनी कारखान्याला फोन केला. एकतीस पोती बंद सापडली, ती नव्या तपासणीत नापास झाली. नऊ दळून झाली होती. त्यांच्या बरण्या दुकानांतून परत आल्या, पण काही एका पाळणाघरात गेल्या होत्या. त्यातल्या निम्म्या संपल्यात.

दादाचा फोन आला होता. घरातली गोष्ट घरात ठेवता आली असती, म्हणाला.

तू एकटीने दोष घेऊ नकोस. पाच किलोंत एक फुटका दाणा नाही, असं कुठलंच पोतं नसतं. अकरा वर्षं हेच करतेय, मला कळायला हवं होतं. खरं सांगू? कळलं होतं. हे वहिनीने निवडलंय, असं मनात आलं, आणि मला कौतुक वाटलं! घरचा नमुना दुसऱ्याने तपासायचा, हा नियमही मी मिरवायच्या हौसेपायी मोडला. साहेबांनी सहीचं काम काढून घेतलंय. त्याचं मला काही वाटत नाही. त्या मुलांबद्दल एका डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, इतक्याशाने बहुधा काही होणार नाही. पण हे विष यकृतात हळूहळू काम करतं, पुढे कधी काही झालंच तर कशाने झालं ते कोणाला कळणार नाही.

रागावलेय, पण तुझीच आहे.

धाकटी

दि. २ डिसेंबर

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ह्यांनी परत आलेली पोती खड्ड्यात पुरली, गुरांनाही घातली नाहीत. चार दिवस माझ्याशी अबोला होता. पाचव्या दिवशी पत्र्यावर चढून गळती बुजवली आणि पोत्यांखाली घालायला फळ्या आणल्या. तुझा फोन घ्यायला अजून तयार नाहीत, जरा दम धर.

परवा मी त्या पाळणाघरात गेले. बरण्या खराब निघाल्या, एवढंच कारखान्याने त्यांना कळवलं होतं. सांभाळणाऱ्या बाईंना मी सगळं सांगितलं, परातीसकट. वाटलं, हाकलून देतील. त्यांनी मला खुर्ची दिली, हजेरीचं पुस्तक काढलं आणि कोणी किती खाल्लं ते एकेक नाव घेऊन सांगत गेल्या. बावीस मुलं. मी खाली मान घालून सगळी नावं ऐकली.

शेवटचं नाव एका अडीच वर्षांच्या मुलीचं होतं. ती काही खातच नसे, वजन भरत नव्हतं. आपल्या दाण्यांच्या बरण्या आल्या आणि ती मागून मागून खायला लागली. म्हणून बाई तिला रोज दोन चमचे जास्त देत होत्या.

लोभ ठेव म्हणायला तोंड नाही, तरी ठेव.

तुझी वहिनी