फक्त दीड इंच

११ नोव्हेंबर
सकाळी शिरोली सोडली आणि जीपच्या पोटाला काहीतरी लागलं. खर्र खर्र आवाज पार हातकणंगल्यापर्यंत. कॉलेजच्या गेटात उतरून खाली वाकलो, तर उसाचं कांडकं. कुठल्यातरी ट्रॉलीतून पडलेलं, आमच्या खाली अडकलेलं. प्रमोदिनी मॅडम (इंग्रजी) आणि गुरुप्रसाद सर (गणित) हसत सुटले. रोज कोल्हापुरातून माझ्याच गाडीने येतात आणि वर हसतात.

मला हसू आलं नाही. आज ऊस आहे, उद्या दगड असेल. फोर-बाय-फोर गाडी आणि ग्राउंड क्लिअरन्स कमी पडतो, ही साधी गोष्ट नाही.

निर्णय: सस्पेन्शन लिफ्ट, म्हणजे गाडी स्प्रिंगांवर जरा उचलून घेणे. मॉडेस्ट.

१२ नोव्हेंबर
ऑफ पिरियडला स्टाफरूममध्ये बसून सगळं वाचलं. तज्ज्ञांचं एकमत आहे. रोज वापरायची गाडी असेल तर दीड इंच, फार तर दोन. त्यावर गेलं की स्टिअरिंग, ब्रेक, टायर, सगळेच कुरकुरायला लागतात. मी दीडच करणार. हौशी लोकांचं वेगळं असतं. माझी गरज आहे.

संयोगिताला सांगितलं. बायको विमा कंपनीत असली की घरात उत्साह टिकत नाही. म्हणाली, 'गाडीत बदल केलासा तर उद्या क्लेम मागायला माझ्याकडं येऊ नका.' आणि वर विचारलं, ऑफरोड म्हणजे आजवर कुठं गेलता? मी जोतिबाचं नाव घेतलं. ती म्हणाली, तिथं एसटी जाते.

मुद्दा तो नाही.

१६ नोव्हेंबर
जीपवाल्या पृथ्वीराजच्या 'माती आणि मस्ती' या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न टाकला: दीड की दोन? तासाभरात धुरळा. एक म्हणतो दोनच्या खाली केलं तर लोक विचारतात गाडी पंक्चर आहे का. एक म्हणतो तीन. एकाने नुसता स्वतःच्या जीपचा फोटो टाकला, तिच्या सावलीत म्हैस बसली होती.

मी शेवटी लिहिलं: 'मित्रांनो, माझी डेली ड्राइव्ह आहे.' त्यावर कुणीच बोललं नाही. आदराने असावं.

२३ नोव्हेंबर, रविवार
उचगावला सयाजीच्या गॅरेजमध्ये गेलो. त्याला सगळं समजावलं. स्प्रिंगच्या वर स्पेसर, म्हणजे जाड चकती, दीड इंच, चाकांची अलाइनमेंट करून घ्यायची. तो ऐकत होता की पान चघळत होता ते कळलं नाही. म्हणाला, 'बसतंय की. दीड काय, अडीच बी बसतंय.' मी ठामपणे दीड म्हणालो. 'बरं, दीड तर दीड. पण अडीच बी बसतंय.'

संध्याकाळी गाडी ताब्यात. मंगळवार पेठेत शिरलो तेव्हा लोक वळून बघत होते. (हॉर्न अडकला होता, तेही एक कारण असू शकतं.) शेजारी विचारायला लागले, गाडी धुतली का? सामान्य माणसाला नेमका फरक सांगता येत नाही. पण जाणवतो.

२५ नोव्हेंबर
स्पेसरने गाडी थोडी कडक झाली. थोडी म्हणजे, प्रमोदिनी मॅडमचा चष्मा स्पीड ब्रेकरवर गुरुप्रसाद सरांच्या मांडीवर पडला. वातावरण विनाकारण तंग.

चूक माझी नाही. कुणीतरी सांगायला पाहिजे होतं की स्पेसर हा शॉर्टकट आहे. (वाचलं होतं. पण ते बारीक अक्षरात होतं.)

३ डिसेंबर
आईला गुडघ्याच्या व्यायामासाठी फिजिओथेरपीला न्यायचं होतं. आई जीपजवळ आली, वर बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

'ह्यात कसं चढायचं?'

'आई, फक्त दीड इंच वाढलीय.'

'व्हय, पण माझा पाय दीड इंच वाढला न्हाय की.'

घरातलं प्लास्टिकचं स्टूल आणलं. संयोगिता एका बाजूला, मी एका बाजूला. आई चढली. आजूबाजूचे सगळे दारात. दवाखान्यात उतरताना स्टूल घरीच राहिलंय हे लक्षात आलं. दोन अनोळखी पावणे मदतीला आले. चांगली माणसं.

परत येताना आई रिक्षाने आली. हवा खायची होती म्हणे.

संकल्प: फूटरेस्ट बसवणे.

१४ डिसेंबर
कडकपणाचा कायमचा बंदोबस्त केला. स्पेसर काढले, नव्या स्प्रिंगा आणि नवे शॉकअप टाकले. आता हा कामाचा दर्जाच वेगळा आहे. स्प्रिंगा दोन इंचाच्या आहेत, कारण दीडच्या मिळाल्या नाहीत. सयाजी म्हणाला, अडीचच्या बी हायत. मी नको म्हणालो. माणसाने कुठं थांबायचं हे कळलं पाहिजे.

तत्त्वतः लिफ्ट दीडचीच आहे. वरचा अर्धा इंच उपलब्धतेचा.

२१ डिसेंबर
गाडी वर गेल्यावर जुने टायर खाली फार बारीक दिसायला लागले. धोतराखाली स्लिपर घातल्यासारखे. मोठे टाकले. टायरची उंची लिफ्टमध्ये धरायची नसते, ते खातं वेगळं. बारावीला मी हेच शिकवतो, प्रत्येक नोंद आपापल्या खात्यात.

वर कॅरिअर आणि त्यावर लाइटची पट्टी. ही ॲक्सेसरीज. हेही वेगळं खातं.

फूटरेस्ट राहिलं.

२८ डिसेंबर
ग्रुपचा ट्रेल. गगनबावड्याकडे. अखेर.

हायवेवर साठच्या वर गेलं की स्टिअरिंग थोडं स्वतःच्या मनाने वागतं, म्हणून सावकाश गेलो. पोचलो तेव्हा सगळ्यांचा ट्रेल संपून जेवणं चालू होती. पृथ्वीराज म्हणाला, 'बसा सर, तांबडा गार व्हायलाय.' जेवलो. चिखल मात्र दिसला. जवळून. फोटो काढला.

एकूण अनुभव समृद्ध करणारा.

७ जानेवारी
गुरुप्रसाद सर आणि प्रमोदिनी मॅडम आता रेल्वेने येणार आहेत. मॅडम म्हणाल्या, गाडीत बसून वाचन होत नाही. सर म्हणाले, स्टेशनपर्यंत चालणं होतं, तब्येतीला बरं. दोघांनी कारणं आपापली दिली, पण वाक्यं पाठ केल्यासारखी वाटली.

एका अर्थी बरंच झालं. वजन कमी झाल्यावर सस्पेन्शन खुलून काम करतं. आज एकटा आलो. उसाच्या ट्रॉलीमागे अर्धा तास. वरून ऊस छान दिसतो.

१९ जानेवारी
वर्षाराणी आली होती, पत्रिका घेऊन. माझी धाकटी बहीण. तिच्या मुलीचं, क्रांतीचं लग्न ठरलंय. मुलगा आदर्श, इचलकरंजीचा, यंत्रमागाच्या सुट्ट्या भागांचं दुकान आहे. शांत मुलगा आहे.

क्रांतीचे वडील ती सातवीत असताना गेले. तेव्हापासून शाळेची सही मी, सायकल शिकवली मी, स्कूटरवरून पडली तेव्हा शिव्या घातल्या त्याही मी. क्रांती आज माझ्यासमोर बसून म्हणाली, 'मामा, हॉलवर मी तुमच्या जीपमधनंच येणार. आणि मागं उभं राहून खांद्याला जरा घट्ट धरायचं. मला घाबरायला होणार हाय.'

मी म्हणालो, काळजी करू नकोस.

मग जरा गॅलरीत जाऊन आलो. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

संकल्प: फूटरेस्ट नक्की. स्टिअरिंग नक्की. नवरी येणार आहे गाडीतून.

८ फेब्रुवारी
सयाजी गावाला गेलाय, जत्रा आहे. फूटरेस्ट परत आल्यावर. स्टूल आहेच. त्याला झेंडूची माळ लावली की कुणाला कळणारही नाही.

संयोगिता म्हणाली, 'त्या दिवशी साधी गाडी सांगूया का? माझ्या भावाची हाय की.' मी म्हणालो, क्रांतीने जीप मागितली आहे, गाडी नाही. ती म्हणाली, तिनं मामा मागितलाय.

बायकांना बारकावे कळत नाहीत.

१३ फेब्रुवारी, रात्र
लिहितोय कारण झोपून उपयोग नाही.

सकाळी उत्तम सुरुवात. जीपला फुलं. क्रांती शालूत, स्टुलावरून चढली. शालू एकदा दारात अडकला, तो सोडवला. वाटेत ती माझा दंड धरून बसली होती. स्टिअरिंग ओढत होतं म्हणून मला हात सोडवून घ्यावा लागला. हॉलच्या दारात ती उतरली. सगळे म्हणाले, काय एंट्री! मला आतून बरं वाटलं.

मग नवऱ्याकडची बँडवाली माणसं म्हणाली, वरात येणार, गाडी दारातून काढा. तळघरात पार्किंग आहे. रॅम्पवर पाटी होती, उंचीची मर्यादा लिहिलेली. मी थांबलो, हिशोब केला. कंपनीच्या पुस्तकातली उंची मला पाठ आहे. अधिक दीड इंच. आरामात.

इथं मी हे मान्य करतो की हिशोब करताना मी दीडच धरला.

कॅरिअर बीमखाली अर्धा गेला आणि बसला. पुढे नाही, मागे नाही. रॅम्प अरुंद, नवे टायर रुंद, दोन्ही बाजूंना भिंत. दार चार बोटं उघडलं. फेटा बाहेर गेला, मी नाही.

फोन केला. संयोगिता आली, मागून वाकून बघितलं. टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं वाटलं असतं. म्हणाली, 'मागच्या दारानं या.' सीटवरून मागे जायला निघालो, ब्रेकवरचा पाय काढला आणि गाडी बीमखाली आणखी कुरकुरली. वरून सिमेंटची माती पडली. वॉचमन ओरडला, 'साहेब, हलू नका!' हँडब्रेक ओढला होता. पण केबल ताणलेली होती, लिफ्टमुळे. तीही सयाजी आल्यावर होणार होती.

म्हणून बसून राहिलो. ब्रेकवर पाय.

एरवी आमच्यात लग्न वेळेवर लागल्याचं कुणी ऐकलेलं नाही. मी एका लग्नात मुहूर्त टळला म्हणून लग्न लागायच्या आधीच जेवून परत आलोय. आज वेळेवर लागलं. तळघरातही स्पीकर होता, सगळं स्वच्छ ऐकू आलं. गुरुजी विचारत होते, 'मुलीचे मामा? मुलीचे मामा कुठायत?' मग गलका. मग वर्षाराणीचा आवाज, अगदी माइकजवळ: 'सर, तुम्ही उभं ऱ्हावा.' आणि लग्नाला आलेल्या गुरुप्रसाद सरांचा आवाज: 'अहो, मी मामा नाही.' वर्षाराणी म्हणाली, 'आत्ता व्हा की!'

मंगलाष्टका सुरू झाल्या. खिशात अक्षता होत्या. प्रत्येक 'सावधान'ला थोड्या टाकल्या, डॅशबोर्डवर. शेवटी वाजंत्री वाजली आणि वर टाळ्या. मीही वाजवल्या, पाय न हलवता.

त्यानंतर सगळं लग्न रॅम्पवर आलं. नवऱ्याचा काका पुढे झाला. 'पावणं, हवा सोडा की चाकातली!' चारी चाकांची हवा सोडली. थोडी खाली आली, पण सुटेना. काका म्हणाला, 'वजन घाला.' मागच्या दारातून माणसं चढायला लागली. फेटेवाले, दोन्हीकडचे. फोटोग्राफर. आचारी. तरी बोटभर राहिलं.

तेवढ्यात मागून आई. 'सरका. मी बसते.' डिसेंबरपासून या गाडीला हात न लावलेली माझी आई. दोघांनी उचलून मागे ठेवली. ती आचाऱ्याच्या मांडीवर बसली आणि म्हणाली, 'आता घे मागं, अमर.'

बीमने सोडलं. गाडी कुरकुरत, चपट्या टायरांवर, अर्धं लग्न पोटात घेऊन मागे वर आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवरा-नवरीला मिळाल्या त्यापेक्षा जास्त.

तीन महिने मी जे वर चढवलं, ते आज सगळ्या सोयऱ्यांनी मिळून खाली दाबलं.

क्रांती दारात उभी होती, मुंडावळ्यांत. मी काहीतरी बोलणार होतो. ती म्हणाली, 'मामा, जेवून घ्या.' आणि निघताना आदर्शच्या भावाच्या गाडीत बसली. स्टूल लागलं नाही.

१४ फेब्रुवारी
कॉलेजला रजा. गुरुप्रसाद सरांचा मेसेज: 'खांदे घट्ट धरले होते. काळजी नसावी.'

उत्तरादाखल अंगठा पाठवला.

१७ फेब्रुवारी
सयाजी आला. सगळं काढायला सांगितलं. जुन्या स्प्रिंगा, जुने टायर, कॅरिअर काढून टाक. तो जीपभोवती फिरला. म्हणाला, 'काढतो की. पण सायेब, अडीच केलं असतं तर दिसली असती.'

हँडब्रेक मात्र आत्ताच्या आत्ता करून घेतला.

२२ फेब्रुवारी, रविवार
क्रांती आणि आदर्श जेवायला आले होते, वर्षाराणीही होती. मी लग्नाचा विषय टाळत होतो. पोळ्या झाल्या, खीर झाली, क्रांती उठली आणि म्हणाली, 'मामा, उठा. माझ्या मागं उभं ऱ्हावा.'

मी म्हणालो, आता काय त्याचं.

'उभं ऱ्हावा म्हटलं न्हवं.'

उभा राहिलो. संयोगिता आणि वर्षाराणीने पलंगावरची चादर मध्ये धरली. पलीकडे आदर्श, हातात खिरीची वाटी, ती ठेवायचं त्याला सुचलं नाही. क्रांतीच्या खांद्यांवर हात ठेवले. घट्ट धरा म्हणाली होती, धरले. हसत होती, पण खांदे हलत होते, आणि ते हसण्याने की कशाने ते मी पुढे जाऊन बघितलं नाही. मंगलाष्टका कुणालाच येत नव्हत्या. संयोगिताने नुसतंच 'सावधान' म्हटलं. आईने डब्यातले तांदूळ टाकले आणि मग फोटोसाठी क्रांतीचा मोबाईल हातात घेतला.

फोटो घरच्या ग्रुपवर आला. चादर आहे. क्रांती आहे. आदर्श, वाटीसकट. मी गळ्यापर्यंत आहे. डोकं फोटोबाहेर.

आईला दाखवला. तिने लांब धरून बघितला.

'तुझंच डोकं वर गेलं, त्याला मी काय करू?'

दुसरा काढला नाही. ती दोघं निघाली होती. हाच ठेवलाय. खांद्यावरचे हात माझे आहेत, हे ओळखू येतं.