जेबिवोतला पळायला घेतलंच का?

तीर्थस्वरूप किपसेरेमदादांना धाकट्या तापसुबेईचा नमस्कार.

वहिनी, पोरं, गाई धड असतील. तुमचा गुडघा दुखत असेल तर तूर्त तोच दुखू दे, पत्र वाचून झालं की डोकं दुखणार आहे. मी बरी आहे, फक्त चिडलेली आहे.

दादा, पळायला शिकवणाऱ्या मुरगोर मास्तरांच्या ओळखीनं तुम्हीच माझ्या लेकीला, जेबिवोतला, त्या टीचभर कॉलेजात घातलंत, रानावनातून पळायच्या संघात. पळायच्या! (ती चहाचा मळा ओलांडेपर्यंत माझी दोन टोपल्या पानं खुडून होतात.) फी माफ, खोली फुकट, वर बूट. आमच्या गाभण गाईच्याही मागं पडणाऱ्या पोरीला फुकट बूट कोण देतं? शेजारची तापकिगेन म्हणाली, हे मास्तर लोक आपल्या केनियाच्या पोरी वाळवंटातल्या श्रीमंत देशांना विकतात, मग त्या परक्या झेंड्याखाली पळतात. मी म्हटलं, बाई, विकायला माल तर हवा! पण तेव्हापासून घशाखाली उगालीचा घास उतरेना.

म्हणून शनिवारी शर्यतीला गेले, कोणाला न सांगता. गमबूट घातले, मुरसिकचं आंबट दूध भरलेला भोपळा घेतला (आपल्यात जिंकणाऱ्याच्या तोंडाला लावतात तो, जेबिवोत जिंकणार नव्हती, म्हणजे मीच प्यायचा) आणि निलगिरीच्या आड उभी राहिले. आधी त्यांच्या कॉलेजच्या पाचजणी गेल्या, पायांचा आवाज नाही. मग दुसऱ्या कॉलेजांच्या पोरी. मग कोणी नाही. मग एक कुत्रा. मग माझी लेक. आणि मुरगोर मास्तर पुढच्या पाचजणींना सोडून हिच्या शेजारून पळतायत! "शाबास बाळ, तू फक्त पोच, बाकी काही नको!"

फक्त पोच? कुठं पोच? माझा संशय तिथंच पक्का झाला. भोपळा खाली टेकवला आणि मागं लागले. "मास्तर, माझ्या पोरीत तुम्ही काय बघितलंत ते सांगा आधी!" मास्तर पुढं, मी मागं, मध्ये जेबिवोत धापा टाकत, "आई, लोक बघतायत गं, घरी जा!"

आता या शर्यतीत तीच वाट दोनदा पळायची असते, हे मला कोणी सांगितलं होतं? त्यांची सगळ्यात वेगवान पोर चेसांग दुसऱ्या फेरीला आली ती थेट भोपळ्यावर. दूध सांडलं, घोटा सुजला. (भोपळा वाटेत होता म्हणतात. मी तरी तो गवतात ठेवला होता, वाट कशाला आली तिथवर?)

मग मास्तरांनी खरं सांगितलं. सहा पोरी धावून पोचल्या तरच संघ धरतात. कॉलेज लहान, पळणाऱ्या पाचच, म्हणून सहावी कसली का असेना, थांबली नाही म्हणजे झालं. पुढच्या शनिवारी जिल्ह्याची शर्यत आहे. चेसांग अंथरुणात. संघ उतरला नाही तर प्राचार्य पळण्याचं खातंच बंद करणार आणि सगळ्यांच्या फुकट जागा जाणार. जेबिवोतला मास्तरीण व्हायचंय, दादा. ऐकून ती रडली नाही की माझ्यावर ओरडली नाही, बूट काढून नीट पुसत बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तरी माझं मत स्पष्ट आहे. असल्या कॉलेजावर माझा काडीचा विश्वास नाही. पोरीला घरी आणते, पानं खुडू दे. वहिनींना नमस्कार.

तुमची,
तापसुबेई

ता.क. तुमची लेक चेमुताई शाळा संपवून दुकानात माशा मारत बसते. तिला पत्र मिळताच पहिल्या गाडीनं इकडं पाठवा. शाळा झालेली असली की मास्तर त्याच दिवशी कॉलेजात नाव घालतो म्हणाले. पळता येत नाही असलं कारण सांगू नका, तसलीच हवी आहे. बूट फुकट.

आणखी ता.क. तुम्ही संशय घेऊ नका, माझा घेऊन झालाय.

शेवटचं. पाठवाच. मुरगोर मास्तर काल घरी आले, चहा घेतला, माझ्या पायांकडं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "मावशी, तुमची शाळा कितवीपर्यंत झाली हो?"