जड चाप

९ सप्टें., मंगळवार
मिस्त्री मेला परत खोटं बोलला. गणपतीच्या आधी देतो म्हणालेला. गणपती गेले, गौरी गेल्या, पितृपंधरवडा लागला. आज खोपोलीला त्याच्या दुकानातच जाऊन बसले. म्हटलं, रिव्हॉल्वरचा चाप तेवढा हलका करायचाय, तोफ नाय घडवायला दिली. म्हणतो, "काकू, मोठ्या बोअरचं, जाड नळीचं हत्यार हाय, वेळ लागतो. आणि भांडी घासून बोटं तयार हाईत की तुमची." म्हटलं, माझ्या बोटांचं सोड, तुझी काय करतायत? गिऱ्हाईकं हसली. तो नाय हसला. माझ्याकडं बघतच नाय.
हे गेल्यावर लायसन वारसाने माझ्या नावावर व्हायला दोन वर्षं गेली. पळसदरीच्या घरात एकटी ऱ्हाते. हत्यार हाय आणि ओढता येत नाय. मग काय दसऱ्याला फुलं वाहायला ठेवू?

११, गुरुवार
शेतावर. भात पोटरीला आलंय. त्या बांधावर अजून पाय टाकत नाय, वळसा घेते. रानडुक्कर तिथंच ह्यांच्या अंगावर आलं, तिथंच गेले. माणसं पोचली तवा बोट चापात अडकलेलं आणि गोळ्या सगळ्या आत. एक सुटली नाय. नख काळंनिळं. मीच पुसलं ते.
किती ओढला असेल.
मिस्त्रीकडं द्यायच्या आधी रिकामं करून मी दोन्ही हातांनी ओढून बघितलेला. खर्र करतो, मधेच अडतो. अडला तिथंच सोडून दिला. तेव्हापासून मोरीच्या दाराची कडी तसाच आवाज करते. तेल घातलं. तरी करते.

१३, शनिवार
मिळालं. एका बोटाने येतो आता, खरखर नाय, काय नाय. पैसे काढले तर मिस्त्री घेईना. म्हणाला, "काकू, बसा जरा. हा चाप मुळात असा नव्हता. मीच जड केलेला."
"कुणी सांगितलं?"
"काकांनी. ते गेले त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात. म्हणाले, घरात कुणाला सहज ओढता येता नये. मी म्हटलं, काका, तुमालाच जड जाईल. तर म्हणाले, जाऊ दे."
"कुणाला म्हणजे कुणाला रं?"
"ते नाय बोलले. तुमचे दीर सोबत होते. दोघं बाहेर उभं राहून बरंच बोलत होते."
यष्टीत बसले. पळसदरी मागं गेली, कर्जत आलं तरी कळलं नाय.

१४, रविवार
घरात माणसं किती होतो? हे, मी, पोरगा निल्या. चौथं कुणी नाय.
मी तोंडाची फटकळ, अख्ख्या गावाला ठाऊक. पण हात नाय उचलला कधी. ह्यांना तसं वाटलं असेल?
त्याच उन्हाळ्यात निल्या जमीन विका म्हणून बापाच्या अंगावर धावून गेलेला. मग ठाण्याला निघून गेला तो गेलाच.
आणि हे. हे पण तेव्हा जेवत नव्हते नीट. पडवीत बसून ऱ्हायचे. हाक मारली की दचकायचे.
तिघांतलं एक. कडी वाजली. उठून बघितलं, दार बंद.

१६, मंगळवार
दहिवलीला दिराकडं. सरळ विचारलं. "वैनी, गेलेल्या माणसाचं काय उकरता? चहा घ्या."
"चहा ठेवा तुमचा. चाप कुणासाठी जड केला?"
"दादाने शपथ घातलीय."
जाऊ आतून म्हणाली, "अवो सांगून टाका, नायतर ही इथंच मुक्काम ठोकंल." भावोजी पंप बघायला म्हणून गेले. लाईट नव्हती, कसला पंप!

१८, गुरुवार
निल्याचा फोन. "आई, रविवारी सर्वपित्रीला येतो गं. बाबांचं पान मीच ठेवीन. दोन दिवस ऱ्हातो." बरं वाटलं. लय बरं वाटलं. वडे कर म्हणाला.
फोन ठेवला आणि कपाटाकडं लक्ष गेलं. किल्ली कुठं असते ते त्याला ठाऊक हाय. किल्ली काढून तांदळाच्या डब्यात खुपसली. पोटच्या पोरापासून. परत काढली. परत ठेवली.
चाप जड होता तोवर निदान ह्यांनी काहीतरी राखलं होतं. काय, ते ठाऊक नसताना मी हलका करून घरात आणला.
तशीच दहिवलीला गेले. भावोजी अंगणातच सापडले. बसा नाय म्हणाले, पाणी नाय विचारलं. म्हटलं, भावोजी, शपथ घालणारा गेला, आता मी विचारते. निल्याचं नाव असेल तर हत्यार पो. स्टेशनात जमा करते, त्याला कळू पण देणार नाय. माझं असेल तरी बोला, मी काय मरत नाय. ह्यांचं स्वतःचंच असेल तर ते पण सांगा, पान ठेवताना मला ठाऊक पाहिजे कुणाला जेवायला बोलावते ते.
भावोजी खराटा उचलून अंगण झाडायला लागले.
शनिवार दुपार, म्हटलं. त्याच्या पुढं नाय. रविवारी सकाळी पोरगं दारात येईल, त्याच्या आत मला उत्तर पाहिजे.