करंजाच्या तेलाची ज्योत

गुरुवार, संध्याकाळ

चैन पडंना. नळदुर्गचे डाळमिलवाले आज मी केलेला तेलावरचा बर्नर बघायला आले. करंजाचं तेल कडू, खाता येत न्हाय, म्हणून तेच जाळायचं. खायच्या तेलाला हात लावायचा न्हाय, हे मीच त्यांना सांगत होतो. ऐन वेळी करंजाचं संपलं. घरातला करडईच्या तेलाचा डबा आणून ओतला. काय ज्योत लागली! धूर न्हाय, वास न्हाय.

"हे करंजच ना?"

"व्हय," म्हणालो. दोन बर्नर करायला सांगून गेले. आई दारातच उभी होती. खरं सांगितलं असतं तर? पण ती ज्योत...

आई रोज चटणीवर तेलाची धार धरते. आज भाकरीशेजारी कोरडी चटणी वाढली आणि म्हणाली, "डबा रिकामा हाय. करंजाचं घालू का?"