नववी कमान

नगर, सोमवार, १२ मार्च १९७३

प्रिय चांगुणे,

सगळ्यात आधी आला तो आसाराम गवंडी, सायकलला हातोडी-थापीची पिशवी लटकवून, आणि टेकायच्या आत चहा मागितला. बांधकाम खात्याचे साहेब टेप घेऊन मागून आले. आपल्या शाळेची दुरुस्ती निघालीय. चाळीस वर्षं मी ही शाळा झाडते, पण धड बघितली ती आज. काळा घडीव दगड, गूळ-हिरडा घालून मळलेला चुना, सागाच्या तुळया. साहेब तर बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा भिंतीवरून हात फिरवत होते. मला लई बरं वाटलं.

मग गंमत झाली. बाहेरून कमानी भरल्या नऊ, आतून आठच. साहेबांनी तीनदा मोजल्या. शेवटच्या वर्गातली ती भिंत, जिच्यापायी तू सातव्या वर्षी शाळा सोडलीस, तिच्यापलीकडं सोळा फुटांची खोली आहे बघ. माझ्या सासूबाई, केशरबाई, सांगायच्या की पलेगच्या साली एक वर्ग बंद केला. कसा, ते सांगायच्या नाहीत. फक्त त्या भिंतीशी रोज पाण्याचा तांब्या ठेवायला लावायच्या. मी अजून ठेवते. सकाळी रिकामा असतो. मांजर पीत असेल, म्हणायची मी.

आसारामनं एक वीट काढून हात आत घातला. भर दुपारी गार वारा आला. हात निघाला तो पांढरा. साहेब म्हणाले, चुना. पण चुना बोटांना चावतो. ही पाटीवरच्या पेन्सिलीची भुकटी, मी ओळखते. मग त्यानं भोकाला कान लावला, तो काढेचना.

"मावशी," तो म्हणाला, "आत पोरं पाढे म्हनत्यात."

साहेब हसले. मग त्यांनीही कान लावला, आणि हसायचे थांबले. भोकात गोणपाट कोंबून दोघं गेले. चहा तसाच राहिला.

चांगुणे, सातव्या वर्षी तू घरी येऊन औटकी म्हटली होतीस, साडेतिनाचा पाढा, त्या भिंतीतून ऐकला म्हणत. बे औटं सात, तीन औटं साडेदहा. तुझ्या वर्गात तो कुणी शिकवत नव्हतं. गुरुजींपुढं मी तुला खोटारडी म्हणाले, गालात मारली. खोटं मी बोलले गं. मी शाळेत गेले उणेपुरे दोन महिने. मला औटकी येते ती त्याच भिंतीशी सारवताना ऐकून. खरं सांगितलं असतं तर काम आणि राहायची खोली, दोन्ही गेलं असतं. आता दोघांनी ऐकलंय, म्हणून आज मला इतका आनंद झालाय. काष्टीहून ये, माझ्याशेजारी उभी राहा. तू खरी होतीस, हे मला चारचौघांत म्हणायचंय. भिंत उघडायला ते पुढच्या बेस्तरवारी, बावीस तारखेला येतो म्हणालेत.

तुझीच,
औटकीवाली आजी