शिंदेबाईंची चाळीस पानं

मंगळवार, १२ ऑगस्ट २००८

आज स्टाफरूममध्ये मुख्याध्यापिका शिंदेबाई म्हणाल्या, “मॅडम, इंटरनेटवरून एम.ए.? पाठ कसे रचायचे, ते या वयात शिकताय? नातवंडं सांभाळा की.” सगळ्या हसल्या. मीही हसले. का हसले?

एम.ए.चा या आठवड्याचा गृहपाठ होता, फसलेलं प्रशिक्षण निवडून ते का फसलं ते लिहा. आम्हा शिक्षिकांसाठी बाईंनी लिहिलेली पुस्तिकाच निवडली. चाळीस पानं, एकही प्रश्न नाही. निजामपुऱ्याच्या सायबर कॅफेतून चिरफाड पाठवली. चाळीस पानं...

पण पुस्तिका फसलीय, हे बाईंना कसं कळणार? लहानपणी कॉन्व्हेंटमधल्या आमच्या लाडक्या सिस्टर आम्हाला पुस्तक मिटून, शिकलेलं मागच्या बाकावरच्या मुलीला समजावायला लावायच्या. शनिवारच्या बैठकीत मी मागेच बसणार आणि नम्रपणे म्हणणार, “बाई, पुस्तिका मिटून बारावं पान समजावता?”

मग हसायचं की नाही, ते मी ठरवीन.