गोधडीचे तेरा हजार

अत-बाशी,
२ ऑक्टोबर

प्रिय बुरूल एजे,

सलाम. तू कशी आहेस? खांद्याचं दुखणं कमी झालं का? इकडे सगळे ठीक आहेत. मेंढरं डोंगरावरून खाली आली, बटाटे काढून झाले, तांबडी गाय पुन्हा गाभण आहे. शेजारच्या सोनुन जेंगेचा भाऊ परवा मॉस्कोला कामावर परततो आहे. त्याच्याबरोबर हे पत्र आणि वाळवलेल्या दह्याचे खारट गोळे पाठवते आहे. तुझ्या कारखान्यातल्या मुलींना दे, पण सगळेच वाटून टाकू नकोस. तुझी ती सवय मला माहीत आहे.

फोनवर हे बोलता आलं नसतं. फोन लागला की लेकीचा आवाज ऐकायला अपा माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून बसते आणि तू काय जेवलीस एवढंच विचारत राहते. नोव्हेंबरमध्ये तुझा करार संपतो आणि तू आणखी दोन वर्षांसाठी सही करणार आहेस, हे मला तिच्याकडूनच कळलं. मला त्याबद्दलच लिहायचं आहे. आणि बँकेचं काय झालं, हे तू दोनदा विचारलंस, तेही सांगायचं आहे. पण आधी गोधड्यांचं ऐक.

जूनमध्ये मी आपल्या गोधड्यांचं इंटरनेटवर दुकान मांडलं. अपा, सोनुन जेंगे आणि गल्लीतल्या आणखी चौघी शिवणार, मी फोटो काढणार, लिहिणार, पाठवणार. वाणिज्य शिकलेली मुलगी घरात असताना व्यापाऱ्यानं दीड हजार सोम हातावर टेकवून गोधड्या न्याव्यात, हे मला बघवेना. पहिली कुठली ठेवायची? मी अंथरुणांच्या थप्पीतली सगळ्यात देखणी काढली. काळ्या मखमलीच्या त्रिकोणांची, तू लहानपणी जिच्यावर झोपायला भांडायचीस ती. किंमत लिहिली नऊ हजार. खरं सांगू? ती मी अंदाजानं लिहिली. इतरांचे आकडे बघितले आणि मधला उचलला.

जेंगे तर हसून हसून वाकली. "चिंध्यांचे नऊ हजार? मग माझ्या नवऱ्याच्या पायजम्याचे किती येतील बघ गं. चिंध्या व्हायला फार दिवस नाहीत त्याच्या."

त्याच संध्याकाळी जर्मनीतल्या एका बाईनं पूर्ण पैसे भरले. मी अंगणात नाचले. अपाचा चेहरा मात्र उतरला.

"किती कमी करायला सांगितलं तिनं?"

"काहीच नाही, अपा."

"एक शब्दही नाही? अगं, घासाघीस न करता पैसे देणारा माणूस एक तर आजारी असतो, नाही तर पाहुणा. पाहुण्याकडून नऊ हजार घेतेस? अर्धे परत पाठव."

मला आधी हसू आलं. मग लक्षात आलं, तिच्या लेखी नऊ हजार हा आकडा म्हणजे नुसती सुरुवात होती. समोरच्यानं चार म्हणायचं, आपण रागवायचं, चहा प्यायचा आणि सहावर यायचं. तो चहा झालाच नाही, म्हणून तिला आपण चोरी केल्यासारखं वाटत होतं.

त्यावर आमचं भांडण चालू असतानाच ती गोधडीची घडी घालायला बसली आणि मध्येच थांबली. मखमलीवर हात ठेवून म्हणाली, "ही जाणार नाही."

ते काळे त्रिकोण कुठले, ते तुला ठाऊक असेल. मला नव्हतं. शार्शेन आजी पंच्याण्णव वर्षांची होऊन गेली, तेव्हा तिच्या मयतीला बायकांना वाटलेल्या कापडाचे ते तुकडे. तिचं भरलं आयुष्य आपल्याही घरात यावं म्हणून अपानं ते शिवून घेतले होते.

"तिचं वय विकतेस, जाझगुल?" अपा ओरडली नाही. हळूच म्हणाली. कॉलेजच्या चार वर्षांत मला किंमत कशी ठरवायची ते शिकवलं होतं. कशाला किंमत लावायचीच नाही, हे शिकवायचं राहून गेलं होतं.

मी पैसे परत केले आणि बाईंना सगळं खरं कारण लिहिलं. त्यांनी दुकानाला पाचपैकी एकच तारा दिला आणि खाली लिहिलं, 'विकायचं नसेल तर मांडू नका.' रडू आलं, पण म्हणणं चुकीचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्याजणींना घरी बोलावलं. ठरलं ते असं : थप्पीतलं जुनं काहीही विकायचं नाही. मयतीचं, लग्नाचं, बारशाचं वाटलेलं कापड विक्रीच्या गोधडीत घालायचं नाही. कापड बाजारातून नवं आणायचं. इथवर कुणाचाच वाद नव्हता. मग किमतीची गोष्ट निघाली. एकजण म्हणाली, "कापडाचे पैसे अधिक वर पाचशे. हात काय, घरचेच आहेत."

मी विचारलं, "जेंगे, कुणी परक्यानं तुला शिवायला बसवलं आणि सांगितलं, आज गायीची धार काढायची नाही, भाकरी करायची नाही, फक्त हे शीव, तर काय घेशील?"

"धार नाही काढायची? मग गाय माझ्या नावानं हंबरेल, नवरा त्याहून मोठ्यानं. पाच हजारांखाली मी सुईत दोरासुद्धा ओवणार नाही!"

मग सगळ्याच बोलायला लागल्या. हात घरचे असले तरी फुकटचे नाहीत, हे त्या मला नाही, एकमेकींना सांगत होत्या. मी म्हटलं, किंमत तेरा हजार. कमी होणार नाही. त्यांनी मला वेड्यात काढलं. अपा म्हणाली, "बँकेत बसणाऱ्या मुलीला आकडे मोठेच दिसणार."

आता ते सांगायलाच हवं. मी बँकेत बसणार नाही, एजे. बिश्केकहून नेमणुकीचं पत्र जुलैमध्येच आलं होतं. मी नाही म्हणून कळवलं. अपाला अजून वाटतं की पत्र यायचं आहे. माझी फी तू दुसऱ्यांच्या कोटांना कॉलर शिवून भरलीस, आणि मी काचेमागे बसावं, ही तुझी एवढी एकच इच्छा होती. तू रागावशील. रागाव. पण तुझ्या पैशांनी मी जे शिकले ते वाया घालवत नाहीये.

तेरा हजार हा आकडा कुठून आला, ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुझा पगार घेतला. त्यातून खाटेचं भाडं, जेवण, कामाचा परवाना आणि येण्याजाण्याचा खर्च वजा केला. उरलं ते दोन गोधड्यांवर वाटलं, कारण तुझ्या हाताला महिन्यात दोन सहज होतील. त्यावर कापड आणि टपाल घातलं. तेरा हजार आले. किंमत त्याच्या खाली आली, तर तुला तिथेच राहणं परवडेल.

आतापर्यंत तीन विकल्या गेल्या. तिसरी अल्माटीच्या एका बाईनं घेतली. तिनं चार दिवस घासाघीस केली आणि अपा इतकी खूश झाली की दोन हजार सोडायलाच निघाली. मी सोडले नाहीत. बाईंनी शेवटी तेरा हजार दिले आणि पुढच्या महिन्यासाठी आणखी एक सांगितली.

तीन म्हणजे फार नाहीत, हे मला कळतं. हिवाळ्यात कदाचित एकही जाणार नाही. तुला खोटी खात्री देत नाही. सही कर म्हणत नाही, करू नकोस असंही म्हणत नाही. ते तुझं तू ठरव. माझ्या हातात एकच गोष्ट आहे, ती मी करते आहे. व्यापारी हसू देत, अपा रुसू दे, दुकानाला आणखी दहा वेळा एक तारा मिळू दे. तू घरी येऊ शकशील एवढा भाव मी लावला आहे, आणि तो खाली आणणार नाही.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी, पण तोवर सोम न सोडणारी,
तुझी धाकटी
जाझगुल